उदगीरचा बाण, लातूरचें पाणी

नांदेडहून लातुरास जाणाऱ्यानें लोहा, अहमदपूर, चाकूर हा सरळ मार्ग सोडून कंधार-उदगीरचा वळसा घ्यावा, याला कांहीं सबळ कारण लागतें. वळशानें प्रवास लांबतो, रस्ता बालाघाटाच्या चढउतारांतून जातो, आणि उदगिरास किल्ला पाहूं म्हटलें कीं अर्धा दिवस सहज मोडतो. गेल्या दिवाळीनंतर आम्ही घरच्या मुलांसह हा वळसा घेतला, तो एका पुठ्ठ्याच्या पेटीमुळें आणि एका प्रश्नामुळें.

पेटी आणली होती अमेरिकेंत असणाऱ्या आमच्या मधल्या बंधूंनीं. तींत खेळण्यांतला अग्निबाण जोडण्याचें सामान होतें: जाड कागदाची हातभर लांब नळी, बाल्सा नांवाच्या अत्यंत हलक्या लाकडाचे तीन पंख, टोंकाला बसवावयाची प्लॅस्टिकची निमुळती टोपी, आणि खालीं उतरतांना उघडावयाची सहा दोऱ्यांची लहानशी छत्री. सर्व कांहीं होतें. नव्हतें तें एवढेंच, कीं ज्याच्या जोरावर हें सारें वर जावयाचें तें दारूचें नळकांडें. असली वस्तु विमानांतून सामानांत आणतां येत नाहीं. आणि आपल्या देशांत १८८४ चा स्फोटक पदार्थांचा कायदा व त्याखालील २००८ चे नियम असल्यामुळें परवान्यावांचून घरीं दारू ठासण्याची सोय नाहीं. मुलांचा हिरमोड झाला. अकरा वर्षांच्या पुतण्यानें मात्र तत्काळ तोड काढली. दिवाळींतले पांच-सहा बाण उरले होते. ते फोडावे, त्यांतील दारू एका पितळी नळींत भरावी, आणि गच्चीवरून काम साधावें! वहिनींनीं हें ऐकलें आणि तें उरलेलें दारूकाम त्याच मिनिटाला पाण्याच्या बादलींत गेलें.

मुलांवर अशा वेळीं नुसतें रागावून भागत नाहीं, असें आमचें मत आहे. म्हणून त्या रात्रीं जेवणें झाल्यावर आम्ही पुतण्यास या पेटीचीच कुळकथा सांगितली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियानें पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिकेंतील पोरांना अग्निबाणांचें वेड लागलें. लोखंडी नळ्यांत हातीं लागेल तें रसायन ठासून तीं उडवूं लागलीं. नळ्या फुटत आणि बोटें, डोळे, प्रसंगीं प्राणहि जात. नेब्रास्का संस्थानांतील नॉरफोक गांवीं ऑर्व्हिल कार्लाइल नांवाचा एक जोड्यांचा दुकानदार होता. त्यानें १९५४ सालींच कागदी नळी, हलके पंख आणि तयार मिळणारें लहानसें नळकांडें यांचा मेळ घातला होता. हॅरी स्टाइन या अग्निबाणांच्या जाणकारानें तो प्रकार उचलला, आणि १९५८ पासून व्हर्न एस्टिस या गृहस्थानें अशीं नळकांडीं यंत्रावर एकसारखीं काढण्यास आरंभ केला. म्हणजे ज्या पेटीवर आमचे चिरंजीव दारू ठासावयास निघाले होते, ती पेटी मुळांत मुलांनीं दारू ठासूं नये म्हणूनच जन्मास आली! पुतण्या ऐकून घेत होता, पण त्याचा प्रश्न कायमच होता: "मग उडवायचें कशानें?"

उत्तर पुण्याहून आलें, आणि तेंहि पेटीच्याच रूपानें. पाण्यावर चालणाऱ्या अग्निबाणाचें सामान मिळतें. त्यांत एक तिवई, बाटलीचें तोंड घट्ट धरून ठेवणारा व दोरी ओढतांच सोडणारा चाप, आणि सायकलच्या पंपास जोडावयाची नळी असते. सोड्याची दोन लिटरची बाटली घ्यावयाची, एकतृतीयांश पाणी भरून ती तोंड खालीं करून बसवावयाची, आणि आंत हवा कोंबावयाची. दोरी ओढली कीं दबलेली हवा पाण्याला खालीं रेटते व पाणी बाटलीला वर रेटतें. बाटली सोड्याचीच हवी, कारण ती आंतला दाब सोसण्यासाठींच केलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली घेऊं नये, व ओरखडे पडलेली तर मुळींच नको.

मग घरांतील ओसरीवर तीन दिवस कारखाना चालला. पुण्याच्या बाटलीला पंख नव्हते, ते अमेरिकेच्या पेटींतून आले. अमेरिकेच्या टोपीचा घेर बाटलीहून लहान, म्हणून कागदी नळीचा तुकडा कापून मध्यें गळपट्टा केला. छत्री टोपीखालीं घडी करून ठेविली आणि टोपी मुद्दाम सैल बसविली, म्हणजे बाटली माथ्याला जाऊन वळली कीं ती आपोआप गळून पडावी. दोन देशांच्या दोन पेट्यांचें हें एक अपत्य! परक्या पेटींतले भाग आपल्या हातांनीं जोडून शिकण्याची ही रीत आपल्या देशास नवीन नाहीं. २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं केरळांत थुंब्याहून जो पहिला अग्निबाण आकाशांत गेला, तो अमेरिकेचा नाइकी-अपाची होता. आपल्या तरुण शास्त्रज्ञांनीं तो जोडला. पुढें फ्रेंचांचा सेंटॉर परवान्यानें येथें तयार होऊं लागला, आणि १९६७ सालीं रोहिणी मालिकेंतला पहिला लहानसा स्वदेशी बाण उडाला. त्या कामीं घन इंधनाची विद्या येथें रुजविणाऱ्यांत आपले पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर अग्रभागीं होते, हें मुलांस सांगतांना आमची छाती थोडी फुगली, तें वाचक क्षम्य मानतील.

आतां प्रश्न. तो विचारला तेरा वर्षांच्या पुतणीनें. "काका, दिवाळींत जो उडतो त्याला आपण बाण कां म्हणतों? धनुष्य तर कोठेंच नसतें." या प्रश्नाचें उत्तर घरीं बसून देतां आलें असतें. पण लातुरास आत्याबाईंकडे जावयाचें ठरलेलेंच होतें. वाटेंत उदगीर आहे, तर उत्तर तेथें जाऊनच द्यावें असें मनांत आलें.

सकाळीं गोदावरी ओलांडून निघालों. सोयाबीन निघून गेलें होतें. तूर फुलावर होती आणि हरभरा नुकता वर आला होता. कंधारास राष्ट्रकूटांच्या काळापासून नांव असलेला भुईकोट किल्ला व त्याचा खंदक धांवतां पाहिला. तो निवांत पाहण्याजोगा आहे, पण पुतण्याचें सारें लक्ष मांडीवरच्या बाटलीकडे असल्यानें तेथें फार रमलों नाहीं. जळकोटावरून उदगिरास पोंचेपर्यंत ऊन चढलें होतें.

उदगीरच्या किल्ल्यांत उदयगीर महाराजांची समाधि आहे व गांवाचें नांव त्यांच्यावरूनच पडलें असें मानतात. खोल खंदक, एकामागून एक दरवाजे, आंत पडके महाल आणि त्यांवरून दिसणारा दूरवरचा उघडा मुलूख. आम्ही मुलांस तटावर उभें करून तो मुलूख दाखविला. १७५९ च्या अखेरीस अहमदनगरचा किल्ला पेशव्यांच्या हातीं आला, त्यावरून निजामाशीं बिनसलें, आणि सदाशिवरावभाऊ मोठ्या फौजेनिशीं या प्रांतीं उतरले. समोर सलाबतजंग व त्याचा भाऊ निजामअली. भाऊंच्या बाजूस इब्राहिमखान गारदी होता, जो थोड्याच दिवसांपूर्वीं निजामाच्या चाकरींत होता व फ्रेंच तऱ्हेची कवाईत आणि तोफखाना जाणत होता. लढाईला नांव उदगीरचें, परंतु ती एका मैदानांत एका दिवसांत झालेली नव्हे. उदगीर-औशाच्या टापूंत वाट काढणाऱ्या निजामाच्या सैन्याला मराठ्यांनीं दिवसेंदिवस वेढलें, तोडलें, आणि ३ फेब्रुवारी १७६० रोजीं निर्णय लागला. साठ लक्षांचा मुलूख व त्याबरोबर दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर असलीं ठाणीं मिळालीं. एवढा जय मिळवून उत्तरेस गेलेले तेच भाऊ व तोच इब्राहिमखान १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर पडले. मध्यें पुरतें वर्षहि गेलें नव्हतें.

त्या काळच्या दक्षिणेंतील फौजांत तोफा आणि जेजाला यांबरोबर बाणहि असत. नळींत दारू ठासावयाची, तिला वेळूची लांब काठी बांधावयाची, आणि वात पेटवून शत्रूवर सोडावयाचा. नेम फारसा नसे; एखादा बाण उलटून सोडणाऱ्यांच्याच अंगावर येई. पण घोडे आणि बैल बुजविण्यास त्यासारखें साधन नव्हतें. हैदर व टिपू यांनीं नळी लोखंडाची केली व बाण दूरवर जाऊं लागला. १७८० त पोल्लिलूर येथें इंग्रजांनीं त्याचा ताप चांगलाच सोसला. १७९९ त श्रीरंगपट्टण पडल्यावर ते बाण विलायतेस गेले, आणि विल्यम काँग्रीव्हनें त्यांवरून आपले बाण तयार करून १८०७ सालीं कोपनहेगन जाळलें. अगदीं अलीकडे, २०१८ सालीं, शिमोगा जिल्ह्यांतील नगर या गांवीं एका कोरड्या विहिरींत असे हजारांहून अधिक लोखंडी बाण सांपडले आहेत. तेव्हां धनुष्य गेलें तरी नांव राहिलें, तें असें. दिवाळीची पोरें जें उडवितात तें त्या लढाईंतल्या हत्याराचेंच बाळरूप आहे.

पुतणीनें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "वेळूची काठी कशाला?"

हा प्रश्न पहिल्याहून चांगला होता, आणि त्याचें उत्तर आम्हांस द्यावें लागलें नाहीं. किल्ल्यापासून बऱ्याच अंतरावर, गांवाबाहेरच्या मुरमाड माळावर, जेथें चार शेळ्या व एक गुराखी यांखेरीज कोणी नव्हतें, तेथें तिवई रोवली. कांटा वातावरणाच्या चौपट दाब दाखवी तोंवर पुतण्यानें पंप मारला, सर्वजण वीस पावलें मागें सरले, आणि दोरी ओढली. फस्स असा आवाज झाला, पांढरा फवारा उडाला, बाटली दोन-तीन माणसें वर गेली, आणि तेथें तिनें कोलांट्या खाण्यास प्रारंभ केला. दुसऱ्या खेपेसहि तेंच. मुलें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलीं. आमची गाडी चालविणारे मुखेडकडचे गृहस्थ तोंवर झाडाखालीं स्वस्थ बसून पाहत होते. ते उठून आले, बाटली आडवी बोटावर तोलून पाहिली आणि म्हणाले, "म्होरं वजन न्हाई, म्हणून गिरकी खातंय." नंतर त्यांनींच खालच्या वावरांतली लिंबाएवढी काळी माती भिजवून, मळून टोपींत दाबून बसविली. पुतणीनें बाटलीला तोलाच्या जागीं दोरा बांधून ती डोक्याभोंवतीं गरगर फिरविली. मातीपूर्वीं वाटेल तशी फिरणारी बाटली आतां नाक पुढें करून फिरूं लागली. पुढें वजन, मागें वाऱ्याला अडविणारें कांहीं तरी: ओझें मागें व अडथळा पुढें झाला कीं वस्तु उलटते. मागच्या अडथळ्याचें जें काम आमचे बाल्साचे पंख करीत होते, तेंच वेळूची काठी करी. तिसरी खेप सरळ गेली. गुराखी पोरानें शेळ्या सोडून अशी आरोळी ठोकली कीं आमचीं मुलें ओरडावयाचेंच विसरलीं.

लातुरास पोंचलों तों दिवेलागण झाली होती, आणि बाल्साचे पंख पाणी पिऊन फुगले होते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गंजगोलाईंत गेलों. सोळा रस्ते जेथें मिळतात त्या वर्तुळाकार पेठेंत सोन्यापासून सुपापर्यंत सर्व मिळतें; आम्ही प्लॅस्टिकची एक जाड फाईल घेतली व तिचे पंख कापले. अमेरिकेच्या पेटींतलें आतां टोपी व छत्री एवढेंच उरलें होतें.

खरी अडचण पुढेंच होती. लातुरांत पाण्याचा विषय निघाला कीं बोलण्याचा रंग बदलतो. २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरेवरचें धनेगांवचें धरण आटलें. पाणी भरण्याच्या ठिकाणीं दंगे होऊं नयेत म्हणून जमावबंदीचें १४४ कलम लावावें लागलें. आणि १२ एप्रिल रोजीं मिरजेहून दहा वाघिणींची 'जलदूत' गाडी सुमारें पांच लक्ष लिटर पाणी घेऊन, साडेतीनशें किलोमीटरांच्या आसपास वाट तुडवून लातूर स्टेशनांत आली. पुढें पन्नास पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊं लागल्या. आत्याबाईंनीं तो उन्हाळा या घरांत काढलेला आहे. आजहि त्यांच्या मोरींत तांदूळ धुतल्याचें पाणी वेगळें, भाजी धुतल्याचें वेगळें, आणि कपडे दुसऱ्यांदा पिळल्याचें वेगळें, अशा तीन बादल्या असतात. त्यांच्यापुढें बाटली, पंप आणि तिवई मांडून मुलें उभीं राहिलीं. त्यांनीं सर्व नीट ऐकून घेतलें आणि आम्हांकडे पाहून म्हटलें, "पाणी उडवायला आलांत होय रे, लातुरांत?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तें सुचण्यासारखें नव्हतेंच. कोठेंहि हास्यास्पद ठरावा असा त्यांचा प्रश्न त्या घरांत मात्र अगदीं रास्त होता. पुतण्याचा चेहरा पडला. पुतणीनें हट्ट केला नाहीं, कीं रडली नाहीं. तिनें वहींतला कागद फाडला व हिशेब मांडला. एका खेपेस सुमारें ६५० मिलिलिटर. नऊ खेपा केल्या तर सहा लिटरांस थोडें कमी. आत्याबाईंनीं चष्मा लावून तो कागद वाचला. "सहा लिटर म्हणजे तेव्हां एका माणसाचा दिवस निघायचा," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानें त्यांनींच विचारलें, "हें पाणी जातें कोठें?"

"सगळें खालींच पडतें, आत्याआजी. बाटली वर जाते आणि पाणी तिथेंच पडतें. अर्ध्या सेकंदांत."

"मग हवें तेथें पाडा कीं!"

आम्हीं नांदेडास तीन दिवस जें डोकें लढविलें, त्यांत ही गोष्ट कोणाच्याहि मनांत आली नव्हती. औशाच्या रस्त्याला आत्याबाईंच्या दिरांचें शेत आहे व त्यांत हरभरा उगवलेला. तिवई सऱ्यांमध्यें रोवावयाची, दर खेपेस पुढें सरकवावयाची, आणि पाणी तिसऱ्या बादलींतलें, जुन्या धोतराच्या फडक्यांतून गाळून घेतलेलें. या दोन अटींवर परवानगी मिळाली. सकाळीं वारा पडलेला असतांना जावयाचें, हें आम्हीं सुचविलें. पंखांची बाटली वाऱ्याच्या तोंडाकडे वळत जाते व मग ती शोधण्यांत वेळ जातो.

आत्याबाईंच्या माडीवर वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करणारीं तीन मुलें भाड्यानें राहतात. लातूरच्या शिकवणीवर्गांचें नांव महाराष्ट्रभर आहे, तें येथें सांगावयास नको. त्यांना ही मंडळी बाटली घेऊन निघालेली दिसली व तींहि एका तासाची सवड काढून आलीं. अग्निबाणाचें वजन कमी होत जातांना त्याचा वेग कसा वाढतो, याचें गणित त्यांनीं किती वेळां सोडविलें असेल याला गणती नाहीं. तें त्यांनीं तेथल्या मातींत काडीनें आम्हांस काढूनहि दाखविलें, आणि बरोबर काढलें. परंतु दोरी ओढावयास मिळावी म्हणून त्यांच्यांत जी ओढाताण झाली, ती पाहतां आमचा अकरा वर्षांचा पुतण्याच त्यांच्यांत वडील दिसला. शिकवणीच्या वेळापत्रकांत असला एक तास कां नसावा, हें आम्हांस कळत नाहीं. शेतें तर गांवाला लागूनच आहेत.

कपड्यांच्या पाण्यांत थोडा साबू राहिलेला असल्यामुळें एक नवीन गंमत झाली. फवारा फेंसाळ निघाला व बाटलीच्या मागें पांढरी रेघ ओढल्यासारखी राहिली, त्यामुळें ती कोठें वळली हें स्पष्ट दिसूं लागलें. पुतणीनें कंपासपेटींतल्या कोनमापकाला दोरा व नट टांगून उंची मोजण्याचें साधन केलें होतें. तिवईपासून पन्नास मीटर मोजून ती तेथें जमिनीशीं वांकून बसे आणि बाटली माथ्याला पोंचली कीं अंश वाची. पहिली खेप २४ अंश. तिसऱ्या खेपेला टोपी अडकली, छत्री उघडलीच नाहीं व बाटली नाकावर आपटली. काळ्या मातीच्या गोळ्यानें मार खाल्ला म्हणून बाटली वांचली. टोपी आणखी सैल केली. सहावी २९. आठवीला ३१ अंश आले, म्हणजे उंची सुमारें ३० मीटर. उदगिरास दोन-तीन माणसांवर कोलांट्या खाणारी ती हीच बाटली. छत्री उघडली आणि तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचें तें फूल सावकाश शेजारच्या तुरींत उतरलें. तिघे विद्यार्थी व पुतण्या तुरींत शिरले.

नववी खेप आत्याबाईंनीं स्वतः ओढावी असा मुलांचा आग्रह पडला. त्यांनीं पदर खोंचला, डोळे मिटून दोरी ओढली, आणि बाटली गेल्यावर वर न पाहतां खालीं पाहिलें. सर्वांच्या माना आकाशाकडे असतांना त्या एकट्याच वांकून, फेंस कोठवर उडाला व माती कोठें भिजली तें बोटानें चांचपीत होत्या. पुतणीनें २८ असा आंकडा लिहिला, वही मिटली, आणि पंपाची नळी सोडावयास हात घातला.

"थांबा," आत्याबाई म्हणाल्या, "ह्या कडेच्या सरीला अजून पोंचलें नाहीं. बादलींत एका बाटलीपुरतें आहे."

वही पुन्हां उघडावी लागली.